रेकॉर्ड प्लेअरची पिन कधी बदललीत? अनुभव सांगा

रामबागची_आत्या
परवा दिवसभर पाऊस, भाच्याला घरात रमवायचं म्हणून बाबांच्या कपाटातला रेकॉर्ड प्लेअर काढला. बाजूचं पहिलं गाणं ठीक वाजलं, पण शेवटाकडे जाताजाता प्रत्येक स चा श्श व्हायला लागला. भाचा म्हणतो, आत्या, ह्या आजींनी गाताना दात काढून ठेवलेत का? हसले खरी, पण पोटात कालवलं. बाबा असताना दोनतीन वर्षं हेच ऐकत होतो आणि "रेकॉर्ड जुनी झाली" म्हणत होतो. बाबा म्हणायचे पिन गेलीये, जेल रोडला जाऊन ये. मी दर वेळी "शनिवारी जाते". तो शनिवार काही आला नाही.
आता पिन मागवली, बसवली. बाबांच्या आवडत्या चारपाच रेकॉर्डी तशाच फाटक्या वाजतात, त्या खरंच घासल्या गेल्यात. पण ज्या ते क्वचित लावायचे, त्यात मागचा तंबोरा सुद्धा वेगळा ऐकू येतोय. म्हणजे जीव लावलेल्याच गेल्या.
तुम्ही कधी बदललीत, कशावरून कळलं? आणि होती तशीच घेतलीत की वरची?

भुट्ट्याचा_कीस
ताई, सकाळी सकाळी रडवलंत. आमच्याकडे फिएस्टा प्लेअर होता, पिन उडायची म्हणून बाबांनी हेडवर चार आण्याचं नाणं सेलोटेपने चिकटवलेलं. उडायची थांबली, सगळे खुश!! आता कळतंय झिजलेल्या पिनेवर वजन टाकून आम्ही नांगरट करत होतो. बाकी नंतर, कुकर लावलाय

छप्पनवाला
चार आणे? श्रीमंत लोक. आमच्याकडे पाच पैशाचं चौकोनी, अ‍ॅल्युमिनियमचं. आजोबा म्हणायचे हलकं असलेलं बरं

तबकडीकाका
आजोबा तुमचे शहाणे होते. जरा लांबण लावतो, रिटायर माणूस आहे. आमच्या वाड्यात चावीचा ग्रामोफोन होता, 78 च्या तव्यांचा, म्हणजे मिनिटाला 78 फेरे फिरणाऱ्या जुन्या तबकड्यांचा. त्याला पोलादी टाचणी, छोट्या पत्र्याच्या डबीत मिळायच्या, आणि नियम असा की एक बाजू वाजली की टाचणी फेकायची. लाखेच्या तव्यात मुद्दाम खरखरीत पूड मिसळलेली असायची म्हणजे टाचणी पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या मापाची होई. तीच पुन्हा वापरली की तिच्या कडा पटाशीसारख्या तव्याला तासायच्या. आम्ही पोरं वापरलेल्या टाचण्या गुपचूप डबीत परत टाकायचो, वाचवतोय म्हणून! आजीचे निम्मे तवे आम्हीच मारले.
एलपीच्या हिऱ्याच्या पिनेचं तसं नाही, पण हिरा म्हणजे अमर असंही नाही. मोटामोटी 500 ते 1000 तास धरा. रोज एक एलपी, दोन्ही बाजू मिळून चाळीस मिनिटं, म्हणजे 500 तास दोन वर्षांत संपले. जुन्या प्लेअरमध्ये बऱ्याचदा नीलमची पिन असायची, ती तर शंभरेक तासांत आटोपते. आपण तीस वर्षं वाजवली.

रामबागची_आत्या
काका, तीस वर्षं हे आमच्या घराला उद्देशून आहे का

तबकडीकाका
सगळ्या इंदूरला उद्देशून आहे बेटा.

सुदामानगरचा_इंजिनिअर
आत्यांना शेवटच्या गाण्यातच स फाटलेला का ऐकू आला ते सांगतो. तबकडी फिरते त्याच वेगाने, पण आतल्या बाजूला एका फेरीची लांबी कमी, त्यामुळे तोच आवाज कमी जागेत कोंबलेला असतो. गोल टोकाची पिन तिथे मुळातच अडखळते, त्यात झिजलेली असली तर विचारूच नका. म्हणून तपासायचं तर ओळखीच्या रेकॉर्डचं शेवटचं गाणं लावायचं, पहिलं नाही.
वरची पिन घ्यायची का? माझ्याकडे ऑडिओ टेक्निकाची हिरवी होती, व्हीएम 95 वाली. तिचं मूळ कार्ट्रिज, म्हणजे पिन ज्यात बसते ती छोटी डबी, तेच ठेवून फक्त पुढची पिन ओढून काढायची आणि लाल, म्हणजे मायक्रोलिनियर (बारीक घडवलेल्या टोकाची), ढकलून बसवायची, स्क्रू नाही काही नाही. महाग आहे, बायकोला आकडा सांगितलेला नाही. पण कंपनीच हिरवीचे 300 तास सांगते आणि लालचे 1000, त्यामुळे हिशोब तेवढा वाईट नाही. प्लेअर साधा असेल आणि पिन रेकॉर्डवर साडेतीन ग्रॅम वजन टाकून चालणारी असेल तर मात्र तशीच साधी परत घ्या, उगीच हौस नको.

छप्पनवाला
वहिनी इथे वाचत असतील तर लाल पिन, आकडा काढून घ्या

केसर_बागेतली
माझी झिजली नाही, मोडली. दिवाळीची साफसफाई, ओढणीचा दोरा अडकला आणि ती केसाएवढी दांडी काटकोनात वाकली. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवून भुवईच्या चिमट्याने सरळ करायला घेतली. मी म्हटलं राहू द्या. टिक. दोघंही जमिनीवर टॉर्च घेऊन तो हिऱ्याचा कण शोधत होतो, सापडून करणार काय होतो देव जाणे

भुट्ट्याचा_कीस
आले परत. केसर बागवाल्या ताई हाहाहा "टिक".
माझा उलटा गाढवपणा, आवाज एकदम बसका, घोंगडीखालून आल्यासारखा, म्हटलं गेली पिन. नवी मागवली, आठ दिवस वाट बघितली, जुनी काढून भिंगाखाली धरली तर टोकाला कापसाचा एवढासा गोळा! मऊ ब्रशने मागून पुढे ओढला, पिन चकाचक. आता नवी डब्यात पडून आहे

सुदामानगरचा_इंजिनिअर
मागून पुढेच, हे मोठ्या अक्षरात लिहा. आडवा ब्रश मारला की टिक.

पिगडंबर_रोड
कोणी पिगडंबरचं लताबाईंचं ग्रामोफोन रेकॉर्ड म्युझियम पाहिलंय का? रविवारी उघडं असतं का?

तबकडीकाका
फोन करून जा. आणि हो, पिन गेली हे मला कुठे कळलं माहितेय, गायक अमीर खाँसाहेबांच्या झुमरा तालातल्या विलंबितात, म्हणजे संथ ख्यालात. फिल्मी गाण्यात वाद्यांच्या गर्दीत खपून जातं. खाँसाहेब एक स्वर लावून थांबतात ना, त्या थांबण्यात खरखर ऐकू आली. दुसऱ्या दिवशी पहिलं काम तेच केलं.

केसर_बागेतली
काका जेल रोडला कोणत्या दुकानात मिळते? की ऑनलाइनच

तबकडीकाका
पूर्वी मिळायच्या. आता तिथे सगळे मोबाईलचे कव्हर विकतात. मी ऑनलाइनच घेतो, कार्ट्रिजवरचा नंबर नीट वाचून, नाहीतर दुसरीच येते आणि परत पाठवायची कटकट.

रामबागची_आत्या
नंबर वाचायला भाचाच लागला मला. हल्ली तो प्रत्येक गाणं संपलं की विचारतो, आत्या, दात बसवले ना?

भुट्ट्याचा_कीस
त्याला घेऊन या, कीस केलाय