‘फक्त २५ मित्रांनाच पोस्ट दिसते’ हा मेसेज गटात टाकणं थांबवा

रावेरचा_केळीवाला:
मंडळी, आपल्या केळी उत्पादकांच्या फेसबुक गटात तो मेसेज पुन्हा फिरतोय: ‘फेसबुक आता २५ मित्रांनाच पोस्ट दाखवतं. हे कॉपी करून टाका, खाली टिंब द्या, म्हणजे बंधन उठेल.’ असं बंधन नाहीच. हीच अफवा २६ मित्रांच्या नावाने फिरली, तेव्हा २०१९ मध्ये फेसबुकने ती जाहीरपणे खोडून काढली होती. पोस्ट सगळ्या मित्रांसाठी खुली असते, पण प्रत्येकाच्या फीडमध्ये काय वर आणि काय खाली याचा क्रम लागतो. तुम्ही कुणाशी बोलता, कशावर थांबता, पोस्ट किती ताजी आहे, यावरून. टिंब दिलं की त्या माणसाशी तुमचा संबंध वाढल्याची नोंद होते आणि त्याच्या पोस्ट थोड्या जास्त दिसू शकतात. लोकांना वाटतं उपाय लागू पडला!

परवा एकाने सीएमव्ही या केळीवरच्या विषाणू रोगाने पट्टे पडलेल्या पानांचा फोटो टाकून विचारलं, रोपं उपटू का? त्याला एकच उत्तर आलं. टिंबाच्या मेसेजखाली मात्र टिंबांची रांग. मला याचा फार राग येतो.

अहिराणी_आवाज, धुळे:
भाऊ, माले हाई पटत नही. २५ चा आकडा खोटा, मान्य. पण पोहोच कापली जातच नाही असं समजू नका. कानबाई देवीच्या अहिराणी गाण्यांचं आमचं पेज आहे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनेच सांगितलं की मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट वर, पेजच्या खाली. वरून ‘बूस्ट करा’ म्हणत पैसे मागायचे. मग लोकांनी टिंब टाकलं तर दोष त्यांचा कसा?

रावेरचा_केळीवाला:
पेजचं खरं आहे. पण तो नियम सगळ्या पेजना लागला, अहिराणीवर कुणी डूख धरलेला नाही. आणि ‘लाइक करा, शेअर करा, कमेंट करा’ अशी गळ घालणाऱ्या पोस्ट फेसबुक डिसेंबर २०१७ पासून मुद्दाम खाली ढकलतं. म्हणजे या मेसेजने उलट नुकसानच व्हायचं.

तापीकाठ, भुसावळ:
दोघंही कंपनीला स्वस्तात सोडताय. त्याच कंपनीच्या इन्स्टाग्रामच्या ‘अकाउंट स्टेटस’मध्ये डिसेंबर २०२२ पासून दिसतं, की तुमच्या पोस्ट अनोळखी लोकांना सुचवल्या जाऊ शकतात की नाही. म्हणजे अडवणूक होते हे त्यांनाच मान्य आहे! फेब्रुवारी २०२४ मध्ये राजकीय मजकूर अनोळखी लोकांना आपणहून सुचवणं बंद करायचं ठरलं, जानेवारी २०२५ मध्ये ते फिरवलं. उद्या कापसाच्या हमीभावावर बोललो तर ते राजकारण का, हे ठरवणारे ते कोण?

रावेरचा_केळीवाला:
हा प्रश्न रास्त आहे, आणि तोच विचारायला हवा. निदान आधी स्टेटस उघडून बघा, मग शॅडोबॅन, म्हणजे न सांगता पोहोच दाबली, असं म्हणा. फेसबुकच्या मेनूत ‘फीड्स’ आहे, तिथे ताज्या पोस्ट आधी दिसतात.

अहिराणी_आवाज, धुळे:
मेनूत कोण जातंय? शिरपूरची माझी मावशी समोर येईल तेच बघते.

रावेरचा_केळीवाला:
मग तिच्या फोनवर तुमचं पेज ‘फेव्हरिट्स’मध्ये टाकून द्या. वर दिसायला लागेल.