मदत हवी आहे: हब डायनामोवर फोनचं चार्जिंग सारखं तुटतं

सायकलच्या पुढच्या चाकात ६ व्होल्ट, ३ वॉटचा हब डायनामो (चाकाच्या मध्यभागी बसवलेला, चाक फिरलं की वीज देणारा जनित्र) आहे. दिवा उत्तम लागतो, अडचण फोनची आहे. शॉट्की डायोडचा ब्रिज (डायनामोच्या एसीचं डीसी करणारा), १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर (जास्तीचा व्होल्टेज उतरवून स्थिर ५ व्होल्ट देणारा) अशी जोडणी केली आहे. सपाटीवर चार्जिंग चालतं. चढावर वेग कमी झाला की तुटतं, पुन्हा सुरू होतं, आणि दर वेळी स्क्रीन पेटून फोन उलट बॅटरीच खातो. केबल बदलली, मोठा कपॅसिटर लावला, फरक नाही. डायनामोतून ५०० मिलिअँपिअरच्या आसपासच प्रवाह मिळणार, त्यामुळे जलद चार्जिंगची अपेक्षा नाही. दिवा आणि फोन एकदम चालले नाहीत तरी हरकत नाही. तयार चार्जर मात्र नको, जोडणी नीट समजून घ्यायची आहे.

मध्ये लिथियम सेल ठेवून त्यावरून फोन चार्ज करायचा, तर सेलचा चार्जिंग प्रवाह किती ठेवावा, म्हणजे चढावरही व्होल्टेज कोसळणार नाही? आणि उतारावर व्होल्टेज वाढतो तेव्हा कन्व्हर्टर वाचवायला झेनर डायोड (ठरावीक मर्यादेवरचा व्होल्टेज रोखणारा) पुरेल का?