मदत हवी आहे: सरांच्या नावाने शिष्यवृत्ती काढायची आहे, पैसे जमलेत, एकमत नाही

निळी_शाई

नमस्कार मंडळी,

आमचे गणिताचे सर गेल्या वर्षी वारले. त्यांच्या नावाने त्यांच्याच शाळेतल्या मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू करायची असं माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ठरलं. पैसे वाटलं होतं त्यापेक्षा भराभर जमले. घोडं पेंड खातंय ते पुढे.

एका गटाचं म्हणणं, सर गणिताचे, तेव्हा शेवटच्या परीक्षेत गणितात पहिला येईल त्याला द्या, विषय संपला. दुसरा गट म्हणतो, पहिल्या येणाऱ्याला बक्षीस देणारे पुष्कळ असतात, फी भरता येत नाही म्हणून ज्याचं अडतंय त्याला द्या. मी दुसऱ्या गटात आहे. पण ‘गरजू’ कोण हे ठरवायचं कोणी, याचं धड उत्तर आमच्याकडे नाही. तिसऱ्या एका छोट्या गटाला फक्त सरांचा फोटो कुठे लावायचा याची चिंता आहे. त्यांना सध्या बाजूला ठेवू.

दुसरा पेच: मुद्दल बँकेत ठेवून फक्त व्याज वाटायचं, की मुद्दलही वापरून दहा-पंधरा वर्षांत निधी संपवायचा? ‘सरांचं नाव कायम राहिलं पाहिजे’ असं कोणी म्हटलं की चर्चाच थांबते.

आणि एक उपप्रश्न. आमच्या प्रयोगशाळेतले मामा निवृत्त झालेत, तब्येतीने ठणठणीत आहेत. त्यांच्याही नावाने एक छोटी शिष्यवृत्ती असावी असं काही जणांना वाटतं. हयात माणसाच्या नावाने निधी काढताना काय सांभाळावं? मामांना विचारलं तर म्हणाले, “काढा की, पण मला स्टेजवर चढवू नका.”

अर्जाचा कच्चा नमुना एकाने केलाय. त्यातले रकाने: नाव, इयत्ता, मागच्या वर्षीचे गुण, पालकांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, ‘आर्थिक अडचणीचे कारण (दहा ओळींत)’ आणि शेवटी ‘सरांविषयी चार शब्द’. काय बदलावं? कोणी असा निधी चालवला असेल तर जरूर लिहा.

हिशेबनीस

आधी पैशाचं बोलू, कारण ‘कायम’ हा शब्द तिथेच आपटतो.

नोबेल पारितोषिकाचंच बघा. आल्फ्रेड नोबेलने १८९५ च्या मृत्युपत्रात सुमारे ३ कोटी १० लाख क्रोनर ठेवले आणि ते ‘सुरक्षित रोख्यांत’ गुंतवा असं लिहिलं. सुरक्षित म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे मुख्यतः सरकारी रोखे आणि तारणावरची कर्जं. पहिली पारितोषिकं १९०१ मध्ये दिली गेली. नंतर महागाई आणि कर यांनी निधी असा कुरतडला की पारितोषिकाची खरी किंमत घसरतच गेली. १९४६ मध्ये करमाफी मिळाली, १९५३ मध्ये शेअर्समध्ये पैसे गुंतवायची मोकळीक मिळाली, तरी १९०१ ची खरी किंमत परत गाठायला १९९१ उजाडलं. एवढ्या मोठ्या निधीची ही गत. आपण कुठल्या झाडाचा पाला!

आता तुमचं. समजा ठेवीवर ७ टक्के व्याज मिळतं आणि महागाई ६ टक्के आहे. सातच्या सात टक्के वाटले तर मुद्दल आकड्यात तेवढंच राहतं, पण बारा वर्षांत त्याची किंमत निम्मी होते. पहिल्या मुलाची वर्षाची फी ज्यातून भरली, त्यातून तेराव्या वर्षीच्या मुलाची सहामाहीच भरेल. अजून बारा वर्षं गेली की पाव. त्या रकमेची टर उडते, देणाऱ्याचीही उडते, हे मी पाहिलंय.

तेव्हा कायमचाच हवा असेल तर व्याजातला महागाईइतका भाग मुद्दलात टाका, उरलेलाच वाटा; वरच्या आकड्यांत तो सातातला जेमतेम एक टक्का. मोठ्या विद्यापीठांचे निधीसुद्धा साधारण ४-५ टक्केच खर्च करतात, तेही गेल्या काही वर्षांच्या सरासरीवर, म्हणजे एखादं वर्ष वाईट गेलं तरी मुलांची रक्कम दचके खात नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांच्या कायद्यात तर वर्षाला ७ टक्क्यांहून जास्त काढले की ते अविचाराचं मानलं जातं आणि तसं नव्हतं हे विश्वस्तांना दाखवून द्यावं लागतं.

पण माझं मत विचाराल तर निधी संपवा. व्याज आणि महागाई जवळपास सारखी असेल तर पंधरा वर्षांच्या निधीतून दरवर्षी पंधरावा भाग देता येतो, आणि त्याची किंमत शेवटच्या वर्षापर्यंत टिकते. मुलाला जाणवेल एवढी रक्कम द्यायची तर लहान निधीला हाच रस्ता. वर सरांना ओळखणारी माणसं अजून हातीपायी धड आहेत, तोवर कामही चोख होईल.

राघू

हिशेबनीस, पंधरा वर्षांनी गुंडाळायचं हे भावनेला पटत नाही हो. जगन्नाथ शंकरशेट १८६५ मध्ये गेले. मॅट्रिकच्या संस्कृतसाठी त्यांच्या नावाने निघालेली शिष्यवृत्ती पिढ्यान् पिढ्या चालली. चिंतामणराव देशमुखांना ती १९१२ मध्ये मिळाली. आजही जुन्या चरित्रांत ‘शंकरशेट स्कॉलर’ वाचलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

ती टिकली याचं एक कारण म्हणजे अट सरळ होती: एक परीक्षा, एक विषय, सगळ्यांत जास्त गुण. समितीला डोकं लावायची गरजच नाही. म्हणून गणितात पहिला येणाऱ्याला द्या म्हणणाऱ्यांना अगदीच मोडीत काढू नका. वीस वर्षांनी निधी कोण चालवत असेल ते आपल्याला माहीत नाही, आणि गुणपत्रिकेला वशिला लागत नाही.

जुनी_वही

राघू, गुणपत्रिकेला वशिला लागत नाही, शिकवणी लागते. पहिल्या नंबराचं बक्षीस बहुतेक वेळा ज्याच्याकडे आधीच सगळं आहे त्याच्या घरी जातं. त्याला प्रमाणपत्र द्या, छान पेन द्या, टाळ्या वाजवा. निधी खर्चू नका.

मी स्वतः अशा एका स्मृतिनिधीवर शिकले, म्हणून अर्जाबद्दल जरा स्पष्ट लिहिते. निळी_शाई, तो दहा ओळींचा रकाना आजच्या आज काढून टाका. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ‘आम्ही का गरीब आहोत’ यावर निबंध लिहायला लावायचा? आणि निवड कशावर होणार, तर ज्याला निबंध जमतो त्याच्यावर. मी लिहिला होता. वडिलांचं आजारपण खूप रंगवून लिहिलं, शेजारच्या ताईने शुद्धलेखन तपासून दिलं. रक्कम मिळाली, पण तो कागद शाळेतल्या कोणीकोणी वाचला असेल याची धास्ती पुढे कितीतरी दिवस होती.

माहिती मोठ्यांकडून घ्या. वर्गशिक्षकांना विचारा: कोणाची फी थकली आहे, कोण मध्येच गैरहजर राहायला लागलंय, कोणाच्या घरी कमावतं माणूस गेलं किंवा अंथरुणाला खिळलं. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा असतो, आणि अडचण या महिन्यातली असते. दाखल्यावर सगळं सोडलं तर नेमकी हीच मुलं सुटतात. फक्त एकाच शिक्षकाचा शब्द अंतिम ठेवू नका, प्रत्येकाची लाडकी मुलं असतात.

‘सरांविषयी चार शब्द’ हेही काढा. तीन वर्षांनी ज्या मुलांनी सरांना पाहिलेलंच नाही ती काय लिहिणार? कुठून तरी उतरवून काढतील.

आणि पैसे वेळेवर द्या. आमच्याकडे ते वार्षिक समारंभात पाकीट देऊन मिळायचे. फी मात्र सत्राच्या सुरुवातीला भरायची असायची, त्यामुळे आई तोवर उसने घ्यायची. पाकीट आलं की ते उसने फेडण्यात जायचं. समारंभ हवाच असेल तर करा खुशाल, पण पैसे त्याआधी पोचलेले असू देत, आणि फोटोत मुलाच्या हातात तो मोठा पुठ्ठ्याचा चेक नको.

राघू

जुनी_वही, तुमचं पटलं. मान्य. तरी अट इतकी मोघम नको की दरवर्षी नव्याने भांडण.

निळी_शाई

सगळ्यांचे खूप आभार. दहा ओळींचा रकाना काढला. ज्याने नमुना केला होता तो थोडा रुसला, पण हा धागा वाचून गप्प बसला.

नियमावली कशी लिहावी यावर कोणी सांगेल का? आमचा मसुदा एकच परिच्छेद आहे: ‘शाळेतील होतकरू, गरीब व सुस्वभावी विद्यार्थ्यास सरांच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती देण्यात यावी.’

कलमवाला

‘सुस्वभावी’ काढा. वर्गात उलट प्रश्न विचारणारी पोरगी त्या एका शब्दावर बाद होते.

मसुदा लिहिताना मनाशी धरायचं ते हे, की कागद वाचणाऱ्याने सरांना, तुम्हाला, कोणालाच पाहिलेलं नसेल. कोणती शाळा किंवा परिसर, कोणती इयत्ता, रक्कम कशासाठी वापरता येईल, एका मुलाला एकच वर्ष की शिक्षण होईपर्यंत, कोणीच पात्र नसेल तर त्या वर्षीच्या पैशाचं काय, हे त्याला कागदावरूनच कळलं पाहिजे. एकदा निवडलेल्या मुलाला शाळा सोडेपर्यंत द्यावं असं माझं मत. एक वर्ष देऊन दुसऱ्या वर्षी हात काढून घेणं जास्त वाईट.

आणि बदलाचं कलम विसरू नका. ऑक्सफर्डमध्ये शिकायला मिळणारी ऱ्होड्स शिष्यवृत्ती ज्याच्या पैशातून निघाली, त्या सेसिल ऱ्होड्सचं मृत्युपत्र घ्या. तो १९०२ मध्ये गेला, त्याने वंश किंवा धर्मामुळे कोणी पात्र वा अपात्र ठरू नये असं लिहून ठेवलं (प्रत्यक्षात काय झालं हा वेगळा विषय), पण शिष्यवृत्ती फक्त पुरुषांसाठी ठेवली. ती अट काढायला ब्रिटनमध्ये १९७५ चा लिंगभेदविरोधी कायदा यावा लागला, आणि १९७७ पासून मुली निवडल्या जाऊ लागल्या. मेलेल्या माणसाची अट जिवंत माणसांना सहजी मोडता येत नाही. म्हणून आत्ताच लिहा: शाळा बंद पडली, दुसऱ्या शाळेत विलीन झाली, ती इयत्ताच राहिली नाही, तर विश्वस्तांनी मूळ हेतूच्या जवळात जवळच्या कामाला पैसे वापरावेत. हे लिहिलेलं नसलं की न्यायालयाची पायरी चढावी लागते आणि निधीचा बराच भाग तिथेच जिरतो.

समितीत शाळेचा एक, माजी विद्यार्थ्यांपैकी दोन आणि दोन्हीकडचा नसलेला एक असावा. ज्याचं नात्यातलं मूल अर्जदार असेल त्याने त्या वर्षी बाहेर बसायचं, हे स्पष्ट लिहा. सरांच्या घरच्यांना मान द्या, कळवत राहा, पण निवडीत घेऊ नका. लोक त्यांच्याच दारात रांग लावतील आणि नाही म्हणणं त्यांना जड जाईल.

अजून एक. शाळेला किंवा कॉलेजला आधी विचारा की तुमची मदत मिळाल्यावर ते स्वतःची सवलत कमी करणार का. अमेरिकेत हा प्रकार इतका बोकाळला की २०१७ मध्ये मेरीलँडने सरकारी कॉलेजांपुरती त्याला कायद्याने वेसण घातली. नाहीतर तुमचे पैसे मुलाऐवजी संस्थेच्या हिशेबात जातील.

पाचवा_बाक

कर्जाऊ शिष्यवृत्तीचा विचार केलात का? जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला निधी असाच आहे. उच्च शिक्षणाला कर्ज द्यायचं, कमावता झाला की त्याने फेडायचं, तेच पुढच्याला. के. आर. नारायणन, जयंत नारळीकर हे त्याच वाटेने परदेशी शिकायला गेले. मुद्दल फिरत राहतं, त्यामुळे ‘कायम’वाल्यांचंही समाधान.

हिशेबनीस

कल्पना उत्तम, पण ती मोठ्या मुलांसाठी. शाळकरी पोराच्या नावावर कर्ज टाकायचं आणि मग वसुलीला जायचं कोणी, निळी_शाई? शाळेची मदत बिनपरतीचीच ठेवा. पुढे मोठी झालेली मुलं आपणहून पैसे पाठवतात, काही जण नक्की पाठवतात. त्यासाठी खातं उघडं ठेवा, पत्रं पाठवून आठवण करू नका.

जुनी_वही

मामांच्या निधीबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. हयात माणसाच्या नावाने निधी असला की चांगली गोष्ट ही, की त्यांनाच विचारता येतं. कोणाला द्यावं असं वाटतं, नाव कसं लिहायचं, हे त्यांच्या तोंडून घ्या आणि कागदावर त्यांची लेखी संमती असू द्या. रक्कम सरांच्या निधीपेक्षा कमी असेल तर तीच रक्कम ‘दुसरं बक्षीस’ म्हणून देऊ नका, अपमान होतो. वेगळंच काम द्या. प्रयोगवहीचा, साहित्याचा, परीक्षेच्या प्रवासाचा खर्च, असं काही. प्रयोगशाळेतल्या माणसाला ते शोभूनही दिसेल.

आणि स्टेजवर नको म्हणालेत ना, मग नकोच. ऐनवेळी ‘दोन मिनिटं या मामा’ करणारा कोणीतरी असतोच, त्याला आधीच सांगून ठेवा.

निळी_शाई

काल मामांकडे जाऊन आलो. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला: “परीक्षा नळ्या फोडल्या म्हणून ज्या पोरांकडून भरपाई घेतात, त्यांचे भरा.” ग्रुपवर सगळे हसले, पण नियम म्हणून तेच लिहितोय, साहित्याची मोडतोड आणि प्रयोगवही.

सरांच्या निधीचं असं ठरलं: मुद्दलासकट वीस वर्षं. फी थकलेल्या मुलांची नावं दोन शिक्षक वेगवेगळी देतील, निवडलेल्या मुलाला शाळा सोडेपर्यंत मदत, पैसे सत्र सुरू व्हायच्या आत थेट फीच्या खात्यात. गणितात पहिल्या येणाऱ्याला सरांच्या नावाने पुस्तक. राघू, तुमच्यासाठी.

एकच राहिलं. खात्यावर सह्या कोणाच्या? सगळे म्हणतात तूच कर.

हिशेबनीस

एकट्याने अजिबात नको. तिघांची नावं, कोणत्याही दोघांच्या सह्या, त्यातला निदान एक जण वयाने लहान घ्या. वीस वर्षं म्हणताय, तुमच्या बॅचचे तेव्हा किती जण बँकेत चालत जातील? दरवर्षीचा जमाखर्च एका पानावर ग्रुपवर टाका, कोणी मागायची वाट बघू नका. आणि पैसे खात्यावर टाकण्याआधी निधीची रीतसर नोंदणी करा. तुमच्या वैयक्तिक खात्यात जमले असतील तर ते आधी हलवा, करवाले तुमचंच उत्पन्न समजतील.

निळी_शाई

वैयक्तिक खात्यातच आहेत. उद्याच वकिलाकडे जातो.