शब्दचर्चा: 'एलपीएल' हे 'चरबी जाळणारं विकर' म्हणावं का?

प्रश्न: लायपोप्रोटीन लायपेज, म्हणजे एलपीएल, या विकरावर (एन्झाइमवर) मराठीत टिपण लिहितेय. 'चरबी जाळणारं विकर' चालेल का? जनुकाचं नावही एलपीएलच आहे. फरक कसा दाखवू?

उत्तर १: 'जाळणारं' नको. हे विकर केशवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर असतं. जेवणानंतर आतड्यातून आलेले कायलोमायक्रॉन, म्हणजे मेद वाहून नेणारे सूक्ष्म कण, तिथून जाऊ लागले की त्यांच्यातलं ट्रायग्लिसराइड, म्हणजे मेदाचा रेणू, ते तोडतं. सुटलेली मेदाम्लं स्नायूत गेली तर इंधन होतात, चरबीच्या पेशीत गेली तर पुन्हा ट्रायग्लिसराइड होऊन साठतात. भरल्या पोटी इन्शुलिन वाढलं की चरबीच्या ऊतींतलं एलपीएल जोर धरतं. उपाशीपोटी तिथलं मंदावतं आणि स्नायूंतलं वाढतं. जे साठवणीलाही हातभार लावतं, त्याला 'जाळणारं' म्हटलं तर वाचकाची सरळ दिशाभूल होते.

'विरघळवणारं'ही टाळा. पित्त मेदाचे बारीक थेंब करतं, पण रेणू तोडत नाही. इथे रेणूच तुटतो, म्हणून 'मेदविघटक विकर'.

उत्तर २: सहमत. एक जुनं नाव मला फार आवडतं. 1943मध्ये पॉल हान यांना दिसलं की चरबीयुक्त खाण्यानंतर कुत्र्यांचं गढुळलेलं रक्तद्रव हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध टोचल्यावर स्वच्छ होतं. त्यावरून या घटकाला 'क्लिअरिंग फॅक्टर' म्हणू लागले. मराठीत आपलं 'निवळणं' इथे किती चपखल बसतं!

आणि रक्ताला 'दुधाळ' लिहू नका, दुधाळ म्हशी असतात. 'दुधी' म्हणा. जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या माणसाच्या रक्ताची नळी रात्रभर फ्रीजमध्ये उभी ठेवली तर वर सायीसारखा पांढरा थर जमतो. लॅबमध्ये 'सॅम्पल लायपेमिक आहे', म्हणजे मेदाने गढूळ आहे, असं म्हणतात. हा विकार दुर्मिळ आहे, पण स्वादुपिंडाला वारंवार सूज येते, तेव्हा टिपणात तो जरूर घ्या.

उत्तर १: नावाचं राहिलंच. इंग्रजीत जनुकाचं चिन्ह तिरप्या अक्षरात छापतात, प्रथिनाचं सरळ. देवनागरीत तिरपं अक्षर पटकन ओळखू येत नाही. प्रत्येक वेळी 'एलपीएल जनुक' आणि 'एलपीएल विकर' असं पूर्ण लिहा. जनुक आठव्या गुणसूत्रावर असतं, विकर रक्तवाहिनीत. नुसतं 'एलपीएल' लिहिलंत तर वाचक अडखळेल.

प्रश्नकर्ती: मग असं लिहिते: 'एलपीएल जनुकातल्या माहितीवरून स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी हे मेदविघटक विकर बनवतात, ते काम करतं मात्र केशवाहिनीच्या भिंतीवर.'

उत्तर २: उत्तम. हेच ठेवा.