बोकास्तेलच्या वाइनला तबेल्याचा वास: दोष की ओळख?

द्राक्षवेल: फ्रान्समधल्या रोन नदीकाठच्या शातो द बोकास्तेल या वाइन इस्टेटच्या जुन्या लाल वाइनबद्दल 'तबेल्याचा वास' हमखास वाचायला मिळतो. तो दोष धरायचा का? घराणं कुठे 1549चं म्हणतात, कुठे 1909चं. आणि 'कुदुले' ही त्यांची दुय्यम बाटली का? 2016ची लाल उघडायची तर किती आधी?

रोनकाठ: दोन्ही सालं बरोबर, पण गोष्टी वेगळ्या. 1549 मध्ये पिएर द बोकास्तेल यांनी कुदुलेला एक कोठार आणि जमीन घेतली, नाव तिथून आलं. सध्याचं कुटुंब 1909 पासूनचं: फायलॉक्सेरा या वेलींची मुळं खाणाऱ्या किडीने बागा बसल्यानंतर पिएर त्रामिए यांनी इस्टेट विकत घेतली. ती त्यांचे जावई पिएर पेराँ यांच्याकडे आली, मग झाक पेराँ यांच्याकडे. फ्रान्समध्ये ही कीड पहिल्यांदा दिसली तीच रोनच्या पल्याड, गार जिल्ह्यात, 1860 च्या दशकात. टिकाऊ उपाय निघाला तो अमेरिकन खुंटावर कलम. झाक यांनी 1950 मध्ये बाग सेंद्रिय केली, 1974 पासून बायोडायनॅमिक (सेंद्रियच्याही पुढची, चंद्र-ताऱ्यांचं वेळापत्रक पाळणारी शेती).

कुदुलेला दुय्यम म्हणणं चूक. ती जमीनच वेगळी, साधारण 30 हेक्टर, आ-7 महामार्गाच्या पूर्वेला. गोटे तसेच, पण बोकास्तेल ज्यात येते त्या शातोनफ-दु-पाप या नामांकित वाइन-क्षेत्राच्या हद्दीबाहेर, म्हणून लेबलवर कोत-दु-रोन हे रोन खोऱ्याचं सर्वसाधारण नाव.

खुंटकलम: वासाचं बोलू. बोकास्तेलमध्ये या क्षेत्रात परंपरेने मान्य द्राक्षांच्या तेराही जाती लावलेल्या आहेत, पण लाल वाइनचा कणा मुर्वेद्र ही जात. शेजारी बहुतेक ग्रेनाश या जातीवर भर देतात, इथे दोन्ही साधारण 30-30 टक्के. मुर्वेद्र उशिरा पिकते आणि रोनच्या दक्षिण भागात ती जवळजवळ उत्तर सीमेवर आहे. थंड वर्षी मणी कच्चे राहतात. तिला जात्याच मांस, चामडं, ओली माती असा वास असतो. हा दोष नाही.

दुसरं कारण ब्रेटानोमायसिस (थोडक्यात ब्रेट) यीस्ट. ते जुन्या लाकडी पिंपांच्या फटींत राहतं, उरलेल्या साखरेवर जगतं आणि वाइन टिकवायला घालतात ते सल्फर कमी असलं की फोफावतं. त्यातून 4-इथाइलफिनॉल तयार होतं: घोड्याचा घाम, चिकटपट्टी. 1989-90 च्या सुमाराच्या बाटल्यांबद्दल हीच तक्रार. हा दोषच, कितीही प्रेमाने 'टेरवार', म्हणजे मातीचा गुण, म्हटलं तरी.

रोनकाठ: पण तिथे द्राक्षांची सालं 80 अंशांपर्यंत क्षणभर तापवून लगेच 20 पर्यंत थंड करतात ना? मग यीस्ट कसं उरतं?

खुंटकलम: ते तापवणं ऑक्सिडेज एन्झाइम मारायला आणि रंग काढायला, त्यामुळे सल्फर कमी लागतं. ब्रेट त्यानंतर पिंपात शिरतं, आणि तिथे तोच कमी सल्फर त्याच्या पथ्यावर पडतो. म्हणून खबरदारी पिंपांची आणि तळघराच्या तापमानाची.

काचपेला: उघडण्याबद्दल. 2016 मजबूत वर्ष आहे. बाटली आदल्या दिवशी उभी ठेवा, गाळ तळाशी बसू द्या. दोन तास आधी डिकँट करा, म्हणजे गाळ मागे ठेवून दुसऱ्या भांड्यात ओता. कुजक्या अंड्यासारखा वास असेल तर तो रिडक्शनचा (हवा न मिळाल्याने येणारा), हवेने बराचसा जातो. तबेला तासाभरानेही तसाच असेल तर ब्रेट. तो हवेने जात नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बिघडलंय, थांबून फायदा नाही.

प्यायला 16-18 अंश. 'रूम टेंपरेचर' म्हणजे आपला मे महिना नव्हे. 28 अंशांवर निव्वळ अल्कोहोल नाकात जातं. आधी फ्रिजमध्ये ठेवून थंड करा. सोबत तिखट रस्सा नको, अल्कोहोलमुळे जिभेवरची आग वाढते. मंद शिजवलेलं मटण चालेल.

बोकास्तेलची पांढरी घेतलीत तर ती सुमारे 80 टक्के रुसान या जातीची. पहिल्या तीन-चार वर्षांत प्या, नाहीतर दहा वर्षं थांबा; मधल्या काळात ती गप्प बसते. ती 12-14 अंशांवर.

द्राक्षवेल: आणि झाक पेराँ यांच्या नावाची त्यांची वाइन, 'ओमाज आ झाक पेराँ'?

रोनकाठ: पहिलं साल 1989, फक्त उत्तम वर्षीच. बहुतांश जुन्या वेलींची मुर्वेद्र. लहान वयात उघडलीत तर पैसे वाया.