जुन्या डेस्कटॉपला दुसरं ग्राफिक्स कार्ड: माझं मत 'बसवा'

रेंडरवाला

'दोन ग्राफिक्स कार्डांचा जमाना गेला' हे वाक्य सगळ्यांना इतकं पाठ झालंय की कुठल्या कामापुरता गेला हे कुणी विचारतच नाही. म्हणून हा धागा.

माझं मशीन: आय७-४७९०के प्रोसेसर, झेड९७ मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर३ रॅम, ६५० वॉटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि एक आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १२ जीबी मेमरीवालं. काम म्हणजे ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये इंटिरिअरचे वॉकथ्रू (खोल्यांतून फिरल्यासारखे व्हिडिओ), आणि हल्ली घरच्या मशीनवर भाषा मॉडेल चालवून बघण्याचा नाद. त्यात तसंच दुसरं ३०६० सेकंडहँड घालायचा विचार आहे. ज्याला सांगावं तो म्हणतो, दहा वर्षांच्या बोर्डावर कसला खर्च करतोस, अख्खं मशीन बदल.

माझं म्हणणं सरळ आहे. मेलं ते एसएलआय, म्हणजे दोन कार्डांनी मिळून एकाच गेमचं चित्र काढणं. ब्लेंडरमधलं सायकल्स, म्हणजे सीनचं अंतिम चित्र काढणारं (रेंडर करणारं) इंजिन, त्याला एसएलआय कधीच लागत नव्हतं. प्रेफरन्सेसमध्ये दोन्ही कार्डांपुढे टिक करायची, दोन कार्डं जोडणारा ब्रिज नको की काही नको. आणि नवा बोर्ड, प्रोसेसर, डीडीआर५ रॅम एवढं सगळं घेऊनही कार्ड एकच राहिलं तर रेंडरचा वेळ फारसा हलत नाही. मग पैसा जिथे काम होतं तिथेच का लावू नये?

विरोध येऊ द्या, पण मुद्द्यावर.

---

पेन्शनीत_गेमर

विरोधच आहे. दोन कार्डांच्या नादात आमच्या पिढीने जेवढे पैसे घालवले तेवढ्यात स्कूटर आली असती.

१९९८ मध्ये थ्रीडीएफएक्सच्या वूडू २ ची जोडी निघाली. एक कार्ड सम ओळी काढणार, दुसरं विषम. कल्पना देखणी होती. पुढे ती कंपनी एनव्हिडियाच्या पोटात गेली आणि २००४ मध्ये एसएलआय नाव परत आलं, पण आता एक फ्रेम या कार्डाची, पुढची त्या कार्डाची. आकडा दाखवणार ८० फ्रेम्स आणि डोळ्यांना जाणवणार ५०, कारण फ्रेम्स समान अंतराने पडतच नव्हत्या. त्यात ४ जीबीची दोन कार्डं लावली तरी हाताशी ४ च जीबी, कारण दोघांकडे तोच माल. २०२१ च्या जानेवारीपासून एनव्हिडियाने नवी एसएलआय प्रोफाइल्स (गेमपुरत्या सेटिंग्ज) देणंच थांबवलं. विंडोजवरच्या गेमसाठीच्या डायरेक्टएक्स १२ ने ती जबाबदारी गेम लिहिणाऱ्यांवर टाकली आणि त्यांनी ती बहुतेक उचललीच नाही.

तेव्हा 'या वेळी वेगळं आहे' असं कुणी म्हणालं की मी पाकीट घट्ट धरतो.

---

रेंडरवाला

काका, गेमिंगचं सगळं मान्य. मी गेमिंगबद्दल बोलतच नाहीये. फ्रेम्सच्या अंतराचा प्रश्न समोर बसून बघणाऱ्याला. माझी फ्रेम फाइल होऊन फोल्डरात पडते, तिला पाच सेकंद कमी लागले काय नि जास्त काय.

---

खिळापक्कड

मी रिपेअरिंग करतो, माझा विरोध तत्त्वाचा नाही, पेचकसाचा आहे.

पहिलं, दुसरा स्लॉट. लांबीला सोळा लेनचा (लेन म्हणजे कार्डाकडे डेटा नेणारी वाट) दिसतो म्हणून सोळाचा नसतो. ४७९०के ला स्वतःच्या १६ लेन आहेत. झेड९७ वर त्या आठ-आठ वाटता येतात, बी८५ किंवा एच९७ बोर्डांवर येत नाहीत. तिथला दुसरा लांब स्लॉट चिपसेटवरच्या (बोर्डाच्या स्वतःच्या चिपवरच्या) चार लेनचा, तोही पीसीआयई २.०, म्हणजे स्लॉटच्या जुन्या पिढीचा, म्हणजे जेमतेम २ जीबी सेकंदाला. आठ लेन ३.० ला पावणेआठच्या आसपास मिळतात. आणि झेड९७ लिहिलंय म्हणून निश्चिंत होऊ नका, त्यातल्या स्वस्त बोर्डांनीही हीच काटकसर केलेली आहे. मॅन्युअल बघा. बसवल्यावर जीपीयू-झी हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून बस इंटरफेसची ओळ वाचा, पण शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून लोड देऊन वाचा. कार्ड निवांत असताना पीसीआयई १.१ दाखवतं आणि लोक घाबरून मला फोन करतात.

दुसरं, एसएमपीएस. ३०६० चे १७० वॉट, दोनचे ३४०. प्रोसेसर ८८. बाकी किरकोळ धरून पाचशेच्या आत बसतं, कागदावर ६५० पुरतो. पण तो एसएमपीएस मशीनएवढाच म्हातारा असेल तर आतले कपॅसिटरही म्हातारेच. आणि एका आठ-पिनच्या वायरला वाय जोडून दोन कार्डं चालवणारे महाभाग मी पाहिलेत. एक कनेक्टर १५० वॉटचा असतो. कनेक्टर वितळला की वास जातो शेजारच्या फ्लॅटपर्यंत.

तिसरं कुणी बोलतच नाही, यूपीएस. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा, तो ३६० वॉटच्या आसपास देतो. वीज गेली की तुमची दोन कार्डं त्याला बसल्या जागी झोपवणार आणि रेंडर अर्धवट.

---

भरदुपार

चंद्रपूरहून लिहितोय, त्यामुळे उष्णतेवर बोलायचा हक्क आमचा.

रेंडरवाल्याच्या बाजूने आहे, एका अटीवर. दोन कार्डं एकाखाली एक बसली की वरच्याचे पंखे खालच्याच्या तापलेल्या पाठीवरची हवा ओढतात. म्हणजे वरचं नेहमी जास्त तापणार. मे महिन्यात खोलीच ४० च्या घरात असते, तिथे कॅबिनेटच्या काचेच्या झाकणाची शोभा काय करायची? माझ्याकडे उन्हाळाभर झाकण पलंगाखाली असतं.

खरा उपाय पॉवर लिमिट. १७० वरून १३० वॉटवर आणा. वेगात जे जातं ते त्या मानाने थोडं, आणि पंख्यांचा आवाज उतरतो तो वेगळाच. दोन्हींवर हे केलं की खिळापक्कड यांच्या एसएमपीएसच्या हिशेबातूनही ८० वॉट सुटतात.

---

सुपारी_कातर

सगळे वायरी आणि पंख्यांवर बोलताहेत, मूळ हिशेब कुणी मांडला नाही.

एक. सायकल्समध्ये दोन कार्डांची मेमरी एक होत नाही. सीन प्रत्येक कार्डात आख्खा बसावा लागतो. १२ आणि १२ म्हणजे रेंडरसाठी १२ च. इंटिरिअरचा सीन आहे, सोफ्याच्या कापडाला ४के टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवलेलं चित्र), गालिच्याला केस, खिडकीबाहेर झाडं. १२ जीबी कधी संपली कळत नाही. त्यापुढे सिस्टीम रॅममधून ओढत बसतं आणि वेग मातीत. १६ जीबीचं एकच आरटीएक्स ५०६० टीआय हा सीन पोटात घेऊन बसेल, तुमची जोडी नाही.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. फ्रेमचा सगळा वेळ कार्डाचा नसतो. रेंडर सुरू होण्याआधी खाली 'सिंक्रोनायझिंग ऑब्जेक्ट्स' वगैरे ओळी पळतात ना, ती तयारी मुख्यतः प्रोसेसर करतो. समजा फ्रेमला ४० सेकंद लागतात आणि त्यातले १५ या तयारीचे. दुसरं कार्ड २५ चे साडेबारा करेल. ४० चे साडेसत्तावीस. म्हणजे कार्डं दुप्पट आणि वेग दीडपटही नाही. जुना प्रोसेसर ठेवायचा म्हणजे हे १५ सेकंद तसेच ठेवायचे.

---

रेंडरवाला

हा विरोध मला आवडला, कारण याला उत्तर द्यावं लागतं.

दोन नंबरचा हिशेब बरोबर आहे, पण दोन्ही कार्डं एकाच फ्रेमला जुंपली तर. वॉकथ्रूमध्ये तसं करायचंच नसतं. ब्लेंडर दोनदा चालू करायचं, प्रत्येकाला एक कार्ड. आउटपुटमध्ये 'ओव्हरराइट' बंद आणि 'प्लेसहोल्डर्स' चालू. फ्रेम हातात घेतली की तिच्या नावाची रिकामी फाइल पडते, दुसरं ब्लेंडर ती बघून पुढच्या फ्रेमवर जातं. एकाची तयारी चालू असते तेव्हा दुसऱ्याचं कार्ड राबत असतं. शिवाय सीन फारसा बदलत नसेल तर 'पर्सिस्टंट डेटा' चालू ठेवा, तयारीचा बराच भाग दर फ्रेमला परत करावा लागत नाही. किंमत रॅममध्ये मोजावी लागते हे खरं. ३२ जीबीत दोन ब्लेंडर दाटीवाटीने बसतात, आणि या बोर्डावर ३२ च्या पुढे जाताच येत नाही.

एक नंबरला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, सवय आहे. केस, झाडं वेगळ्या लेयरला, टेक्स्चर २के. इंटिरिअरच्या गिऱ्हाइकाला गालिच्याचा धागा मोजायचा नसतो.

आणि भाषा मॉडेलचं विसरलात. तिथे १२ आणि १२ खरंच २४ होतात. लामा-सीपीपी हे मॉडेल चालवणारं सॉफ्टवेअर मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटून टाकतं. १६ जीबीच्या एका कार्डात न मावणारं मॉडेल या जोडीत मावतं.

---

सुपारी_कातर

मावतं, धावत नाही. थर वाटले म्हणजे पहिलं कार्ड आपला वाटा संपवणार, मग दुसरं सुरू करणार. एका वेळी एकच राबतंय. वेग एका ३०६० चा, म्हणजे ३६० जीबी सेकंदाला मेमरी वाचण्याचा. ५०६० टीआय ४४८ ने वाचतं. आणि २४ जीबीच हवी असेल तर जुनं ३०९० घ्या, ९३६ ने वाचतं, एकाच स्लॉटमध्ये काम.

---

खिळापक्कड

३०९० ला ३५० वॉट लागतात आणि कंपनी स्वतः ७५० चा एसएमपीएस सांगते. म्हणजे एसएमपीएसही नवा. सल्ला देताना पूर्ण बिल द्यावं.

---

मिनी_मावशी

मला यातलं निम्मं कळलं नाही, पण आमच्याकडे भाचा रात्रभर असलंच काहीतरी चालवतो आणि बिल मी भरते. पाचशे वॉट आठ तास म्हणजे रात्रीचे चार युनिट. महिन्याचे १२०. महावितरणचा शंभराचा टप्पा त्यातच ओलांडला, फ्रीज आणि गिझर अजून मोजलाच नाही. हे तुमच्या हिशेबात कुठे आहे?

---

भरदुपार

मावशी, भाचा आठ तास चालवतो कारण काम तेवढं आहे म्हणून, की चालू ठेवून झोपतो म्हणून, ते आधी बघा.

काम ठरलेलं असेल तर उलट होतं. एक कार्ड आणि बाकी मशीन मिळून ३०० वॉट, आठ तास: २.४ युनिट. दोन कार्डं, ४७० वॉट, तेच काम साडेचार तासांत धरा: २.१ च्या आसपास. प्रोसेसर, पंखे, डिस्क हे दोन्हीकडे तेवढंच खातात, फक्त लवकर बंद होतात.

---

मिनी_मावशी

काम लवकर संपलं की भाचा लवकर झोपतो हे गृहीत धरलंत. तो नवीन काम लावतो. बिल माझ्याकडे येतं, मला माहीत आहे.

---

रात्रीचा_लॅब

धागा वाचून माझ्यासारखं कुणी जुन्या जीटीएक्स १०७० शेजारी दुसरं १०७० शोधायला निघालं असेल तर थांबा. मॅक्सवेल आणि पास्कल, म्हणजे ९०० आणि १००० मालिका, यांचे नेहमीचे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही तिमाही. कार्डाकडून गेमखेरीज इतर हिशेब करून घेणारं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर कुडा, त्याच्या १३ व्या आवृत्तीने ती कार्डं सोडूनच दिली. पैसे घालायचेच तर ३००० मालिकेच्या खाली जाऊ नका.

आणि ४७९०के वाल्यांनी विंडोजचं काय करायचं ठरवलंय? दहाचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अकरा या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. मी लिनक्सवर गेलो, ब्लेंडरला काही फरक पडला नाही.

सेकंडहँड ३०६० घेताना दोन गोष्टी. याच नावाचं ८ जीबीवालंही आहे, मेमरी बसही (मेमरीची वाट) अरुंद, बॉक्सवर नीट वाचा. दुसरं, सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग बंद पडल्यावर शेडमध्ये राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. मायनिंगचं आहे म्हणून वाईटच असं नाही, पण पाठीमागे तेलकट ओघळ दिसला तर थर्मल पॅड पाझरलेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत दुकानदार चालू करून दाखवतो ते नुसत्या डेस्कटॉपच्या स्क्रीनवर. अर्धा तास लोड द्यायला सांगा. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका.

---

पेन्शनीत_गेमर

वर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, नाहीतर माझ्यावर एकतर्फीपणाचा आरोप व्हायचा. गेमिंगमध्येही दुसरं कार्ड मागच्या दाराने परत आलंय. लॉसलेस स्केलिंग नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, त्यात मुख्य कार्ड गेम चालवतं आणि दुसरं मधल्या फ्रेम्स तयार करतं. मी मात्र घेणार नाही.

---

सुपारी_कातर

शेवटचा प्रश्न रेंडरवाल्याला. उद्या तो झेड९७ बोर्डच गेला तर? तसा बोर्ड आता नवा मिळत नाही. मग दोन कार्डं घेऊन कुठे जाणार?

---

रेंडरवाला

दोन्ही कार्डं नव्या मशीनमध्ये जातील, ती काही बोर्डाला चिकटवलेली नाहीत. पण गंमत बघा, हल्लीच्या मधल्या किमतीच्या बी६५० किंवा बी७६० बोर्डांवर दुसरा लांब स्लॉट बहुतेक चिपसेटवरच्या चार लेनचा असतो. प्रोसेसरच्या लेन आठ-आठ वाटणारा बोर्ड हवा तर वरच्या किमतीत जावं लागतं. माझा म्हातारा बोर्ड ते आजही करतो.

---

सुपारी_कातर

करतो असं तुम्ही म्हणताय. मॅन्युअलचं ते पान उघडलंत का अजून?

---

रेंडरवाला

उघडलं. आठ-आठ आहे. पण एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी लावली की डिस्क जोडायचे दोन साटा पोर्ट बंद होतात असंही त्याच पानावर लिहिलंय, आणि माझ्या प्रोजेक्टची हार्ड डिस्क त्यातल्याच एकावर आहे. खिळापक्कड, रविवारी वेळ आहे का?