पिक्चर सुटल्यावर कुठं बसायचात?

अडत्याचा नातू

गेल्या शुक्रवारी पोरगं नव्या पिक्चरचा पहिला शो बघून आलं. मी जेवत होतो. विचारलं, "कसा आहे रे?" चपला काढता काढता म्हणाला, "साडेतीन." आणि गेला आंघोळीला. साडेतीन म्हणजे स्टार. मी घास हातात धरून पुढचं ऐकायला बसलोय, आणि पुढचं काही नाहीच.

तेव्हापासून डोक्यात आमची चौकडी फिरतेय. सांगली. सहा ते नऊचा खेळ सुटला की सायकली हातात धरून आयर्विन पुलापर्यंत चालत जायचं. वाटेत पिक्चरबद्दल अवाक्षर काढायचं नाही, जो काढेल त्यानं भडंग घ्यायचं. पुलावर पुडी सुटली की तोंडं सुटायची. तीन तासांच्या पिक्चरवर कधीकधी चार तास. घरी गेल्यावर आजोबा दार उघडायचे नाहीत, तो वेगळा पिक्चर.

आमची हळदीची अडत. दुकानातली एक जुनी खतावणी मी ढापली होती, निम्मी कोरी. तिच्यात परीक्षणं लिहायची. चांगलं ते जमा, वाईट ते नावे. "दोन गाणी जमा. हिरॉईनचा बाप नावे. मध्यंतरानंतरचा पाऊण तास संपूर्ण नावे." खाली शिल्लक काढायची. पानांना हळदीचा वास इतका, की आजही कुणी फोडणी केली की मला एखादा व्हिलन आठवतो.

तेव्हा पिक्चर मुंबई-पुण्यात लागला तरी आमच्याकडं यायला आठवडे जायचे. रविवारच्या पुरवणीतलं परीक्षण आधी यायचं, पिक्चर मागनं. त्यामुळं निम्मं भांडण त्या लिहिणाऱ्याशीच.

चौथ्याकडं पैसे नसायचे. आम्ही काढतो म्हटलं तर चिडायचा. तो नऊला थेट पुलावर यायचा, आम्ही सांगू ते ऐकायचा आणि मग एकच काहीतरी विचारायचा. "ती घर सोडून गेली म्हणताय. मग तिच्या आईनं काय केलं?" आम्ही तिघं एकमेकांची तोंडं बघायचो. आई पुढं पिक्चरमध्ये आलेलीच नसायची, आणि आम्हाला ते कळलेलं पण नसायचं. खतावणीतले कडक शेरे त्याचेच, न बघता दिलेले.

खतावणी 2005 च्या पुरात गेली. तुमचं सांगा. कोण, कुठं, काय खात.

कंदी पेढा

पहिला! आमचा अड्डा राजवाडा चौपाटी, सातारा. सविस्तर नंतर, गिऱ्हाईक आलंय.

मिरजेची तार

माझे मामा मिरजेत ऑपरेटर. आता ते टॉकीज नाही, मामाही नाहीत, म्हणून सांगायला हरकत नाही. एकच प्रिंट दोन गावांत चालवायचे. सांगलीत पहिलं रीळ संपलं की डबा लुनावर टाकून मिरजेला, मग दुसरं, मग तिसरं. म्हणजे सांगलीला मध्यंतर होईपर्यंत आमच्या टायटल्स चालू. मिनिटाला 90 फूट फिल्म लागते, तीन तासांचा पिक्चर म्हणजे 16,000 फुटांच्या वर. हे सगळं एका पोराच्या लुनावर.

एकदा रेल्वेचं फाटक पडलं, वरनं पाऊस. डब्यांवर खडूनं घातलेले नंबर पुसले. मामांनी घाईत जे हाताला लागलं ते चढवलं. व्हिलन मेला, त्याचं तेरावं झालं, आणि पुढच्या रिळात गडी पान खाऊन हसतोय. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या, पण आमच्या ग्रुपातला एक जण कॉलेजच्या फिल्म सोसायटीत जायचा. टपरीवर बसून त्यानं आम्हाला तासभर समजावलं, की दिग्दर्शकानं काळाची मोडतोड केलीय, मृत्यूनंतरही दुष्टावा उरतो असं सुचवलंय. आम्ही माना डोलवतोय. तेवढ्यात मामा चहाला आले आणि म्हणाले, "आज जरा नऊ नंबर आधी लागला रे पोरांनो."

तो आता प्राध्यापक आहे. विषय सांगत नाही.

गणपती पेठ

@मिरजेची तार मेलो 😂😂 ऑफिसात आहे, लोक बघायलेत

भडंगवाली वहिनी

दुष्टावा उरतो!! हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं. कुकर झाला, येते.

यवतेश्वरचा पाऊस

साताऱ्यात बायकांची तिकिटाची खिडकी वेगळी असायची. पुरुषांच्या रांगेत शर्टाची बटणं तुटायची आणि आमच्याकडं चार-पाच जणी, निवांत. त्यामुळं नवा पिक्चर लागला की थोरल्या भावाचे मित्र अचानक फार प्रेमानं "ताई, ताई" करायचे. मी दहावीत, ते कॉलेजला, तरी मी ताई. तिकिटं मी काढायची, पिक्चर सगळ्यांनी बघायचा, आणि सुटला की मला घरी सोडून हे चौपाटीवर चर्चेला.

एका गणपतीत म्हटलं, मी पण बसणार. नसेल जमत तर लागा तुमच्या रांगेत. बसवलं. आणि मला काय विचारलं? "गाणी कशी वाटली तुला?" बाकी नट, फायटिंग, स्टोरी त्यांच्याकडं. मी म्हटलं, गाणी जाऊ दे, पावसातल्या मारामारीआधी हिरॉईनच्या साडीचा काठ हिरवा होता, पाऊस थांबल्यावर जांभळा कसा झाला? सगळे गप्प. भाऊ म्हणाला, असं काही नव्हतं. पैज लागली. दुसऱ्या दिवशी परत जाऊन बघून आले (तिकिटं मीच काढली!). काठ जांभळाच.

तेव्हापासून माझं खातं साडी. अडत्याच्या नातवाच्या भाषेत, साडीखाती नावे. वीसेक वर्षं झाली, भाऊ अजून नवा पिक्चर बघितला की फोन करून विचारतो, "काठ बरोबर होता का?"

कंदी पेढा

ताई _/\_

विष्णुदासांचा शेजारी

सांगलीकरांना ही सवय पिक्चरमुळं लागलेली नाही. 1843 साली भाव्यांनी इथं सीतास्वयंवराचा खेळ केला, तेव्हाच कुणीतरी घरी जाताना म्हणाला असणार, रावण जमला पण जनक ढिला होता.

कंदी पेढा

झालं. आलं सांगलीकरांचं 1843. मी वाटच बघत होतो.

विष्णुदासांचा शेजारी

तुमचं काय आलं मग? पेढे?

कंदी पेढा

आमचे पेढे खाऊन तरी बघा, मग भांडा.

मेणवलीकर

आमच्याकडं उलटं. आम्ही पिक्चरवर चर्चा केलीच नाही, आम्ही स्वतःला शोधलं.

वाईजवळ आमच्या मेणवलीत 'स्वदेस'चं शूटिंग झालं. 2004 च्या डिसेंबरात पिक्चर आला. पिक्चरमधलं गाव चरणपूर, उत्तर प्रदेशातलं. घाट मात्र आमचा, नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा. आम्ही अकरा जण एका जीपमधून बघायला गेलो. पडद्यावर हिरो होडीत बसलाय, कपडे नसलेलं पोरगं, गंभीर सगळं, आणि आमच्यात खुसखुस, "ते बघ, ती पायरी! तिथं मी पडलो होतो." पुढच्या रांगेतला माणूस दोनदा मागं वळून ओरडला.

सुटल्यावर चहा घेताना एकानं विचारलं, कसा वाटला? तर आमचा चुलता म्हणाला, "म्हस दिसली नाही." त्याची म्हैस तीन दिवस शूटिंगला बांधून होती. एवढंच त्याचं परीक्षण. म्हैस मेली तरी त्यानं त्या दिग्दर्शकाला माफ केलं नाही.

पिक्चर मी खऱ्या अर्थानं बघितला तो सात-आठ वर्षांनी, पुण्यात, एकटा, लॅपटॉपवर. तेव्हा रडलो. पण पायरी आली तेव्हा हसलो पण.

गणपती पेठ

म्हस दिसली नाही 😭 हे मी आता प्रत्येक पिक्चरला म्हणणार

विश्रामबाग मंगळवार

आमचा सध्याचा ग्रुप आहे, जुना नाही. सहा जणी, मंगळवारी दुपारचा शो, कारण तेव्हा तिकीट स्वस्त आणि घरी कुणी नसतं. सुटल्यावर मॉलमध्ये नाही बसत, खाली गाड्यावर उभ्यानं. स्टार-बिस्टार आमच्यात नाहीत. प्रत्येकीनं किती वेळा मोबाईल काढला ते प्रामाणिकपणे सांगायचं, त्याची बेरीज. शून्य म्हणजे सर्वोत्तम. आजवर एकदाच शून्य आलं, आणि त्यातही नंतर कळलं की एकीचा मोबाईल घरी राहिला होता.

मध्ये एका मोठ्या पिक्चरला सत्तावीस झाले. त्याला सगळीकडं चार स्टार होते!

अडत्याचा नातू

@विश्रामबाग मंगळवार ही पद्धत खतावणीपेक्षा भारी आहे. खरंच.

खंबाटकीचा उतार

बघू लिहायला जमतंय का.

कराड. 2016, 'सैराट' 29 एप्रिलला आला, आम्ही दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी गेलो, रात्रीचा शो. पाच जण. पहिला अर्धा भाग काय सांगू, पोरं पडद्यापुढं नाचत होती, नाणी उधळत होती, आम्ही पण. शेवट ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे, शेवटी आवाज बंद होतो. थिएटरात एवढी माणसं, आणि खुर्ची करकरली तरी ऐकू यावी असं झालं.

बाहेर आलो. आमची रीत अशी, की गाड्या स्टँडवर लावून ऑम्लेट-पाव खायचा आणि मग ज्याला जे फाडायचंय ते फाडायचं. त्या रात्री पाचही जण गाडीवर बसलो आणि स्टार्टच करेना कुणी. आमच्यातल्या एकाच्या बहिणीचं तेव्हा तसलंच प्रकरण चालू होतं. पोरगा दुसऱ्या जातीचा. घरात रोज भांडणं. आम्हाला चौघांना माहीत होतं आणि त्याला माहीत होतं की आम्हाला माहीत आहे. तो खाली बघून किल्ली फिरवत बसला होता, चालू, बंद, चालू, बंद. मग म्हणाला, "मी घरी जातो." ऑम्लेट न खाता गेला.

पुढच्या वर्षी त्यानंच उभं राहून बहिणीचं लग्न लावलं, रजिस्टर. आम्ही चौघं साक्षीला. पिक्चरचं नाव आमच्यात आजवर निघालं नाही.

भडंगवाली वहिनी

दादा 🙏

गणपती पेठ

मी अजून बघितला नव्हता तो 🙈 असो. चांगलं केलं त्यानं.

यवतेश्वरचा पाऊस

@गणपती पेठ इतक्या वर्षांत बघितला नाहीस? कुठं होतास लेका?

गणपती पेठ

बारावी, मग सीईटी, मग राहिलाच 😅

मिरजेची तार

विषय जड झाला म्हणून हलकं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका येतो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, दुसऱ्या ठिपक्याला बदल करायचा. मामांनी हे दाखवलं आणि माझं आयुष्य बरबाद केलं. हिरॉईन मरतेय, हॉल रडतोय, मी ठिपक्याची वाट बघतोय. मित्र विचारायचे, कसा होता? मी सांगायचो, चार नंबरला मामा अर्धा सेकंद उशिरा होते.

आता सगळं डिजिटल, ठिपके गेले. तरी मान उजवीकडं जातेच.

पलूस पॅसेंजर

आमच्या इकडं जत्रेतला तंबू. पुढं जमिनीवर बसायचं, मागं खुर्च्या. वारा सुटला की पडदा फुगायचा आणि हिरोचं पोट सुटायचं. चर्चा हीच, की आज हिरो गरोदर होता. बास.

भडंगवाली वहिनी

आले. माझं नाव वाचून तिघांनी मेसेजमध्ये भडंगाची कृती विचारली म्हणून इथंच सांगते. चुरमुरे भडंगाचेच घ्या, भेळेचे नकोत, चिवट होतात. आधी उन्हात नाहीतर मंद आचेवर कडक करा. तेल सढळ. शेंगदाणे तळून बाजूला. मग लसूण, कढीपत्ता, हळद, तिखट, आणि गॅस बंद करून मेतकूट, पिठीसाखर, मीठ. मेतकूट तेलात जळलं की सगळं कडू. पिक्चरला नेणार असाल तर कागदात बांधा, प्लॅस्टिकमध्ये आवाज होतो. आणि हल्ली आत सोडत नाहीत, तेव्हा पर्सच्या आतल्या कप्प्यात.

विश्रामबाग मंगळवार

आतला कप्पा 😄 वहिनी आमच्यात या. सातवी जागा आहे.

कंदी पेढा

@अडत्याचा नातू ते चौथे आता कुठं असतात? पुलावरचे?

अडत्याचा नातू

आहे की. माधवनगरला असतो, रिटायर झाला. काल संध्याकाळी आला होता, त्याला हा धागा मोबाईलवर वाचून दाखवला, चष्मा विसरून आला होता म्हणून. म्हसीला हसला, कराडच्या भावांचं ऐकून गप्प बसला.

मग म्हणाला, "पोरगं साडेतीन म्हणालं. मग तू काय विचारलंस?"

म्हटलं, काही नाही, तो आंघोळीला गेला.

"आणि आंघोळीनंतर?"

अजून तसाच आहे बघा हा.

गणपती पेठ

😬

पलूस पॅसेंजर

वहिनी, लसूण सोलून का सालीसकट?

भडंगवाली वहिनी

सालीसकट. नुसता ठेचायचा.